शाळेनं मुलांना 'नीट बोलायला' शिकवावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी-हिंगोलीच्या पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत मी १९ वर्षं शिकवतेय. पालकसभा, आसपासच्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद, आठवडी बाजारात गाठ पडलेले पालक, रात्री उशिरा येणारे व्हॉट्सॲपचे निरोप, सगळीकडून बोलण्याबद्दलचे हेच हेच प्रश्न येतात. दर वेळी नव्यानं सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते. प्रश्न तुम्ही विचारलेत तसेच ठेवलेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथं प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. बोलायला तर लेकरू घरीच शिकतं. शाळेनं त्यात काय शिकवायचं?

घरी शिकतं हे खरं, आणि फार मोठं शिकतं. पहिलीत आलेलं सहा वर्षांचं लेकरू 'हे जग मोठं आहे' यातला ज आणि 'शंभर वर्षं जग' यातला ज वेगळा उच्चारतं. लिहिताना दोन्ही अक्षरं एकच. हा फरक त्याला कुणी समजावून सांगितलेला नसतो, तरी तो चुकत नाही.

शाळेचा वाटा वेगळा आहे. घरात ऐकणाऱ्याला निम्मं आधीच ठाऊक असतं. 'माय, ते तिथलं दे की' म्हटलं की माय बरोबर विळा हातात देते. पण दवाखान्यात पोट कधीपासून दुखतंय, जेवणाआधी दुखतं का नंतर, कळ कुठून निघते, हे अनोळखी डॉक्टरला सांगायचं तर सगळं पहिल्यापासून मांडावं लागतं. बँकेत, तहसिलीत, ग्रामसभेत तेच. ज्याला आपलं घर, आपलं रान, आपली नाती काहीच ठाऊक नाहीत, त्याला कळेल असं बोलण्याची सवय घरच्या चार माणसांत लागत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या घरांतून आलेले ऐकणारे लागतात. ते वर्गात मिळतात.

म्हणून माझं उत्तर स्पष्ट आहे: शिकवावं. प्रश्न आहे तो काय शिकवायचं आणि कसं, याचा.

२. 'नीट बोलणं' म्हणजे शुद्ध बोलणंच ना?

नाही. पालक 'आमच्या पोराला नीट बोलायला शिकवा' म्हणतात तेव्हा प्रत्येकाच्या मनात वेगळं असतं. कुणाचं लेकरू बोबडं बोलतं (प्रश्न १२). कुणाचं चारचौघांत तोंडच उघडत नाही (प्रश्न ११). कुणाला वाटतं त्यानं पुण्यासारखं बोलावं (प्रश्न ४). कुणाची तक्रार शिव्यांची असते (प्रश्न १३). या सगळ्याला एकच औषध दिलं की बिघडतं, कारण बोबडेपणाला लागतो दवाखाना, गप्प लेकराला लागतो धीर आणि प्रमाण भाषेला लागतो सराव.

मी स्वतः नीट बोलणं कशाला म्हणते? लेकराला जे सांगायचंय ते पूर्ण सांगता यावं, ऐकणाऱ्याला ते कळावं, आणि दुसरा बोलत असताना त्यालाही ऐकता यावं. एवढं आलं तर बाकीचं जमवता येतं.

३. आमची घरची भाषा अशुद्ध आहे का? पोरगं 'काय करायलास' म्हणतं.

अशुद्ध नाही. हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

'करायलास' हेच रूप घ्या. मुलगा म्हणतो 'मी करायलो', मुलगी म्हणते 'मी करायले'. तू करायलास, तू करायलीस; तो करायलाय, ती करायलीय. बघा, लिंग, वचन, पुरुष सगळं जागच्या जागी आहे. आमच्याकडचं चार वर्षांचं लेकरूसुद्धा 'ती करायलाय' म्हणत नाही. म्हणजे याला व्याकरण आहे, फक्त ते पुस्तकात छापलेलं नाही. तालुका बदलला की रूपही थोडं बदलतं. लातूरकडं 'करूलालास', 'करलालास' ऐकू येतं. बीडकडं 'माझं-तुझं'च्या जागी 'मपलं-तुपलं' येतं. ही गबाळेपणानं झालेली मोडतोड नव्हे. प्रत्येक ठिकाणी एकच रीत सगळं गाव पाळतं.

मग एक भाषा 'प्रमाण' आणि बाकीच्या 'बोली' असं का झालं? एकोणिसाव्या शतकात छापखाने, शाळा, शब्दकोश आणि व्याकरणं मुंबई इलाख्यात तयार झाली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं. पुणे-मुंबईच्या शिकलेल्या लोकांचं बोलणं पुस्तकांत आलं आणि तेच नमुना झालं. त्या वेळी मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत होता. हैदराबादेत १९१८ साली विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. आपल्या आज्या-पणज्यांच्या बोलण्याला छापील पानावर जागा मिळाली नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यांची मराठी कमी होती असा नव्हे.

कमी कशी असेल? नामदेव नरसीचे, जनाबाई गंगाखेडची, गोरोबाकाका तेरचे, एकनाथ पैठणचे, दासोपंत अंबाजोगाईचे. मराठी ज्यांनी घडवली त्यातली कितीतरी माणसं याच मातीतली.

राहिला उर्दू-फारसी शब्दांचा मुद्दा. 'जल्दी' म्हटलं की पोरांना टोकणारे पुष्कळ आहेत. पण शाळेचाच दिवस बघा: हजेरी, दप्तर, कागद, शाई, दाखला. हे सगळे शब्द फारसी-अरबीतूनच आले. ते पुस्तकात बसले म्हणून शुद्ध आणि 'जल्दी' गावात राहिला म्हणून अशुद्ध, हा न्याय मला पटत नाही.

४. मग प्रमाण मराठी शिकवायचीच नाही का?

शिकवायची, आणि मन लावून शिकवायची. बोलीवर प्रेम करणारे काही शिक्षक इथं घसरतात. 'लेकराला त्याच्या भाषेत राहू द्या' म्हणतात आणि सोडून देतात. पाठ्यपुस्तक, परीक्षा, अर्ज, वर्तमानपत्र, कोर्टाचा कागद, सगळं प्रमाण मराठीत असतं. ज्याच्या घरात ती नाही, त्याला शाळेनं दिली नाही तर कोण देणार? शिकलेल्या घरच्या लेकराला ती आयती मिळते. सालगड्याच्या लेकीला ती फक्त शाळेत मिळू शकते.

मात्र ती घरच्या भाषेच्या सोबत यावी, तिला हुसकून नव्हे. हे जमतं. वसमतकडच्या एका शाळेत चौथीतल्या मुलाला मी विचारलं, हळद कशी तयार होते? गडी उभा राहिला. 'मॅडम, कंद काढला की कढईत शिजवायचा. शिजला का न्हाई ते काडी टोचून बगायचं. काडी आरपार गेली की झालं. मग वाळू घालायचं, वाळलं की ढोलात टाकून घुमवायचं, तवा कुठं पिवळंधमक व्हतं.' मी म्हटलं, आता हेच मुंबईच्या मुलाला सांग, ज्यानं हळद फक्त डब्यात बघितलीय. तो क्षणभर थांबला. मग 'कंद म्हणजे जमिनीखाली वाढतो तो' इथून त्यानं सुरुवात केली. 'ढोल म्हणजे वाजवायचा नाही, लोखंडी पिंपासारखा असतो, तो फिरवतात' असं सांगितलं. 'बगायचं'चं 'बघायचं' त्यानं आपणहून केलं. मी त्याला काही दुरुस्त केलं नव्हतं, फक्त ऐकणारा बदलला होता.

प्रमाण भाषा शिकवायची माझी मुख्य रीत हीच आहे. 'हे चूक, ते बरोबर' असं न म्हणता 'हे कुणाला सांगतोयस?' असं विचारायचं.

५. मूल चुकीचं बोललं तर लगेच सुधारावं की नाही?

वाक्य चालू असताना नाही. हे मी पुस्तकातून शिकले नाही.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. तिसरीचा वर्ग. कधीच हात वर न करणारा एक मुलगा सकाळी सकाळी उठला आणि म्हणाला, 'मॅडम, काल म्या वावरात नाग बगितला. एवढा मोठा...' हात पसरलेले, डोळे मोठे झालेले. मी म्हटलं, 'म्या नाही, मी. बघितला. पुन्हा सांग.' त्यानं हात खाली घेतले. 'मी बघितला' एवढंच म्हणाला आणि बसला. वर्ष संपेपर्यंत तो आपणहून पुन्हा बोलला नाही. त्या नागाचं पुढं काय झालं ते मला आजही ठाऊक नाही.

पुढं कळलं की 'म्या' हे रूप जुन्या मराठीत 'म्यां' म्हणून सर्रास येतं, ओव्या-अभंगांतसुद्धा. प्रमाण भाषेनं ते सोडलं, गावानं जपलं. एका लेकराच्या तोंडून शेकडो वर्षांचं मराठी आलं होतं आणि मी त्याला चूक म्हटलं. ते 'म्या' खरोखर चूक असतं, तरी मी केलं ते चुकीचंच ठरलं असतं.

मग काय करायचं? लेकराचं पूर्ण ऐकायचं. उत्तर देताना तेच आपल्या तोंडून प्रमाण रूपात यायला हवं: 'अरे बापरे, तू नाग बघितलास? मग काय केलंस?' एवढं पुरतं. लेकराचा कान तयार असतो. लिहिताना किंवा भाषणाची तयारी करताना मात्र उघड सुधारणा करायला हरकत नाही, कारण तेव्हा त्याचं लक्ष भाषेवर असतं. नाग सांगताना ते नागावर असतं.

६. वर्गात इतकी मुलं. प्रत्येकाला बोलायला वेळ कुठून द्यायचा?

शिक्षक मंडळींचा हा खरा त्रास आहे. शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिकला ३० मुलांमागं एक शिक्षक सांगितलाय. पण हिशोब करा: ३० मुलं, ४० मिनिटांची तासिका. एकेकाला उभं केलं तर प्रत्येकाला जेमतेम ८० सेकंद मिळतात, आणि बाकीची २९ नुसती बसून राहतात.

जोड्या लावा. शेजारच्याला दोन मिनिटं सांग, मग त्यानं तुला सांगायचं. चार मिनिटांत सगळा वर्ग बोलून होतो. नंतर चार-पाच जणांना उभं करा, पण स्वतःचं सांगायला नव्हे, जोडीदारानं काय सांगितलं ते सांगायला. त्यामुळं ऐकणंही होतं. वर्गात गलका होतो, हे मान्य. शेजारच्या वर्गाच्या सरांना आधी सांगून ठेवा.

द्विशिक्षकी शाळेत, जिथं एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात, तिथं मोठ्या मुलानं लहानाला समजावणं हा अजून चांगला सराव. पहिलीच्या लेकराला समजेल असं सांगायचं म्हणजे चौथीच्या मुलाला बोलणं सोपं करावंच लागतं.

७. परिपाठात मुलं रोज बोलतात, वक्तृत्व स्पर्धाही होतात. तेवढं पुरेसं नाही का?

नाही. परिपाठात सुविचार, दिनविशेष, बातम्या होतात, पण बहुतेक वेळा तीच पाच-सहा मुलं, आणि तेही पाठ केलेलं. वक्तृत्वाचं भाषण तर अनेकदा मॅडमनं किंवा घरच्यांनी लिहून दिलेलं असतं. पाठांतर वाईट नाही, त्यानं आवाज मोकळा होतो, भीड चेपते. पण मध्येच कुणी 'म्हणजे काय?' विचारलं तर ते मूल अडतं. मी पाठ भाषणानंतर वर्गाला दोन प्रश्न विचारायला लावते. उत्तर आलं नाही तरी चालतं, 'मला माहीत नाही, बघून सांगतो' हेही एक उत्तरच आहे.

८. 'पानी' म्हणणारं मूल 'पाणी' कसं लिहील?

लिहील. लिखाणासाठी उच्चार आधी बदललाच पाहिजे असं नाही, पण कानाला फरक कळायला हवा. कानाची सवय करून घ्या: तन आणि तण, मन आणि मण, खान आणि खाण. शेतकऱ्याच्या लेकराला 'तण' हा शब्द खुरपणीपासून माहीत असतो. 'तन म्हणजे अंग, तण म्हणजे जे खुरपून काढतो ते' असं सांगितलं की न-ण चा फरक अर्थाला चिकटतो. श-स चं तसंच. 'साळा' म्हणणाऱ्याला 'शाळा' लिहिता येतं, फक्त पुन्हा पुन्हा ऐकायला आणि लिहायला मिळालं पाहिजे.

लेखनाचे नियमही बोलण्याला अगदीच पारखे नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे जे नियम शाळांत चालतात (१९६२ साली १४, पुढं १९७२ साली ४ जोडून १८), त्यांत पात्राच्या तोंडी 'फडकं', 'तळं' अशी बोलण्यातली रूपं लिहायला मुभा आहे. मुलं गोष्ट लिहितात तेव्हा आजीच्या तोंडी आजीची भाषा येऊ द्या.

९. शिक्षकानं स्वतः बोलीत बोललं तर चालतं का?

चालतं, आणि पहिली-दुसरीत तर बोलावंच. लेकराला रडू फुटलंय आणि आपण 'तू का बरे रडत आहेस?' विचारतोय, तर ते अजून घाबरतं. 'काहून रडायलास रे?' म्हटलं की जवळ येतं. पाठ वाचून दाखवताना, व्याख्या सांगताना प्रमाण मराठी ठेवा. दोन्ही शिक्षकाच्या तोंडून येतात हे मुलांना दिसलं की दोन्ही आपलीच वाटतात. पुण्या-नाशिककडून बदलून आलेल्या शिक्षकांनी उसनी बोली बोलायची गरज नाही, मुलांना ते लगेच कळतं. समजून घेतली तरी पुष्कळ.

१०. आमच्या तांड्यावरची लेकरं गोरमाटी बोलतात. मराठीच येत नाही, तर 'नीट बोलणं' कुठलं?

इथं प्रश्न ३ आणि ४ मधलं उत्तर तसंच्या तसं लागू होत नाही. बोली आणि प्रमाण मराठी यांत अंतर आहे, पण एकमेकांचं कळतं. गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची बोलायची भाषा, ही वेगळी भाषा आहे. किनवट-माहूरकडं गोंडी, कोलामी घरांतली लेकरं आहेत. देगलूर-धर्माबादकडं तेलुगू, उदगीर-उमरग्याकडं कन्नड, आणि शहरांतून उर्दू. अशा लेकराला पहिल्या दिवसापासून मराठीत 'नीट बोल' म्हणणं म्हणजे न शिकवताच परीक्षा घेणं.

आधी त्याच्या भाषेतले पन्नास-साठ शब्द शिक्षकानं शिकावेत: पाणी, भूक, शी-शू, दुखणं, घरी जायचं, हो, नाही. हे शब्द मी तिसरीतल्या एका मुलीकडून शिकले, तिनं मला रोज पाच शब्द दिले आणि दुसऱ्या दिवशी विचारले. पाया हा. मग चित्र, कृती, गाणी यांतून मराठी येऊ द्या. पहिले काही महिने लेकरू नुसतं ऐकत असेल तर ते शिकतच असतं.

कायदाही याच बाजूचा आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २९ मध्ये शक्य तिथं मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलंय, आणि मुलाला भीतीमुक्त ठेवून त्याला मत मोकळेपणानं मांडता यावं हेही. संविधानाचं कलम ३५० क भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या सोयी करायला सांगतं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही जिथं शक्य असेल तिथं किमान पाचवीपर्यंत घरची किंवा मातृभाषा हे माध्यम असावं असं आहे. कागदावर सगळं आहे. तांड्यावरच्या शाळेत गोरमाटी जाणणारा एक तरी शिक्षक असावा, ही मागणी शाळा व्यवस्थापन समितीनं ठराव करून वर पाठवावी.

११. मुलगी घरी बडबड करते, शाळेत तोंड उघडत नाही. हट्ट आहे का?

बहुतेक वेळा हट्ट नसतो. नवी शाळा, नवी माणसं, पहिला महिना गप्प जाणं साधारण आहे. पण घरी मोकळी बोलणारी मुलगी महिनोन्महिने शाळेत एक शब्दही बोलत नसेल, मैत्रिणीशीसुद्धा नाही, तर ती भीतीची एक ओळखीची अवस्था असू शकते आणि त्यावर उपचार असतात. 'बोल, नाहीतर घरी सोडणार नाही' असं म्हणू नका, त्यानं भीती घट्ट होते. मान हलवून, बोट दाखवून उत्तर द्यायला सांगा, मग कानात कुजबुजून, मग एका मैत्रिणीसोबत.

ऊसतोडीला गेलेल्या लेकरांचं वेगळं. बीड, परभणी, जालन्याकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि हंगाम संपल्यावर परत येतात. परत आलेलं लेकरू गप्प असतं, कारण वर्ग पुढं गेलेला असतो. त्याला अभ्यासाचं विचारायच्या आधी फडाचं विचारा. मोळी कशी बांधतात, ट्रॉली कधी भरतात, खोपी कशाची असते. वर्गात ते दुसऱ्या कुणालाच माहीत नसतं. त्या दिवशी तो सांगणारा आणि बाकीचे ऐकणारे.

१२. बोबडं, तोतरं बोलणाऱ्या मुलाला शाळेनं सुधारावं का?

शाळेनं ओळखावं, सुधारायचं काम जाणकारांचं. 'र' सारखे काही उच्चार उशिरा येतात, पाच-सहा वर्षांपर्यंत वाट बघायला हरकत नाही. पण चौथ्या वर्षीही घराबाहेरच्या माणसाला लेकराचं बोलणं कळत नसेल, किंवा अडखळणं सहा महिन्यांहून जास्त टिकत असेल, तर दाखवा. सगळ्यांत आधी कान तपासा. नीट ऐकू येत नसल्यामुळं नीट न बोलणारी लेकरं मी पाहिलीत, आणि त्यांना वर्षभर 'मंद' म्हटलं गेलं होतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतं. ते आलं की लेकराचं नाव आवर्जून सांगा. तिथून जिल्हा रुग्णालयाच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, आणि हे मोफत असतं. तोतरं बोलणाऱ्याचं वाक्य आपण पूर्ण करू नका. 'हळू बोल, श्वास घे' हेही नको. थांबून ऐका. जीभ जड आहे म्हणून वेखंड चोळण्यानं काही होत नाही.

१३. शिव्यांचं काय? तीही बोलीच ना?

नाही. बोली ही गावाची असते, शिवी ही माणसाला दुखावण्यासाठी असते. इथं मी थांबवते, आणि कारण सांगते. मात्र 'अरे-तुरे'ला शिवीच्या पंगतीत बसवू नका. मायला 'तू' म्हणणारं लेकरू पहिल्या आठवड्यात मॅडमलाही 'तू' म्हणतं. त्यात मायाच असते, 'तुम्ही' पुढं आपोआप येतं.

१४. शाळेत बोली बोललं की दंड घेतात किंवा कोपऱ्यात उभं करतात. हे चालतं का?

नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. आधी वर्गशिक्षकांशी बोला, मग मुख्याध्यापक, मग शाळा व्यवस्थापन समिती आणि गटशिक्षणाधिकारी. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी बोलल्याबद्दल दंड घेत असतील तर त्यालाही हेच लागू.

१५. इंग्रजी शाळेत घातलंय. घरी आम्ही इंग्रजी बोलावं का?

तुम्हाला ज्या भाषेत रागावता, हसता, गोष्ट सांगता येते ती बोला. मोडक्या इंग्रजीत 'ईट फास्ट, गो स्लीप' एवढंच बोलणं झालं तर लेकराला ना इंग्रजी मिळते ना तुमची भाषा. घरात सविस्तर बोलणं झालेलं मूल दुसरी भाषा लवकर पकडतं.

१६. बोलण्याला गुण असतात का?

असतात. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात प्राथमिकलाही तोंडी काम हा भाग आहे, आणि दहावीला भाषेच्या १०० पैकी २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत या लहान मुलांच्या वाचन-गणिताच्या राष्ट्रीय मोहिमेतही वाचनाच्या आधी मौखिक भाषा धरलीय. अडचण अशी की तोंडी परीक्षा बऱ्याच ठिकाणी न घेताच गुण भरले जातात. शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, ती घ्या. आणि गुण देताना उच्चाराला नको, सांगितलेलं कळलं का याला द्या.

१७. मुलगा पुण्याला परीक्षेच्या अभ्यासाला गेला. त्याच्या 'काहून'वर सगळे हसतात. शाळेत सुधारलं असतं तर बरं झालं नसतं का?

हसणाऱ्यांची चूक आहे, पण हसण्याचा त्रास खरा आहे. त्याला नुसतं 'आपल्या बोलीचा अभिमान बाळग' म्हणून भागत नाही. शाळेत त्याला प्रमाण मराठीत मुलाखत, गटचर्चा, फोनवर बोलणं याचा सराव मिळायला हवा होता. तो मिळाला असता तर 'काहून' कुठं म्हणायचं आणि 'का' कुठं, हे त्यानं स्वतः ठरवलं असतं. आताही उशीर झालेला नाही. रोज दहा मिनिटं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून, त्यातली एक बातमी न बघता मित्राला सांगायची. दोन-तीन महिन्यांत फरक पडतो. आणि घरी फोन आला की 'काहून रे' म्हणावं, मायला परकं वाटू नये.

१८. हा प्रश्न फक्त आपल्याकडंच आहे का?

नाही. ब्रिटनमध्ये १९६५ साली अँड्र्यू विल्किन्सन यांनी बोलण्या-ऐकण्याच्या क्षमतेसाठी 'ओरसी' हा शब्द घडवला, तेव्हापासून तिथं शाळेनं बोलणं शिकवावं का यावर वाद चालू आहे. अमेरिकेत विल्यम लबॉव या भाषाशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय मुलांचं बोलणं अभ्यासून दाखवलं की त्याला स्वतःचे पक्के नियम आहेत. १९७९ साली मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या खटल्यात कोर्टानं सांगितलं की मुलांना वाचन शिकवताना शाळेनं त्यांच्या घरच्या भाषेचं भान ठेवलं पाहिजे. आपल्या 'म्या' सारखंच ते.

१९. उलटं झालंय. आमचं मूल पुण्यात वाढलं, आता गावी आणलंय. मुलं त्याला 'पुणेकर' म्हणून चिडवतात, तो शाळेला जायला नको म्हणतो.

हा प्रश्न कोरोनाच्या टाळेबंदीनंतर बरेच दिवस यायचा. पहिली गोष्ट, चिडवणं चिडवणंच असतं, कुणाच्याही भाषेवरून असो. शिक्षकानं ते थांबवावं. दुसरी, तुमच्या लेकराला 'गावंढळ बोलू नकोस' असं घरात सांगू नका, नाहीतर ते वर्गात एकटं पडतं.

माझ्या वर्गात असा एक मुलगा आला होता. मी त्याला बाकावर एका बडबड्या मुलाशेजारी बसवलं आणि दोघांना मिळून गावातल्या झाडांची यादी करायला सांगितली. नावं गावच्या पोराला माहीत, लिहिणं पुण्याच्या पोराला पटपट येत होतं. आठ दिवस दोघं मिळून फिरले. यादीत ३७ झाडं निघाली. पंधराव्या दिवशी पुण्याचा मुलगा मधल्या सुट्टीत ओरडत होता, 'ए, थांब की, मी पण यायलो!'